डाव्या हाताचं लग्न

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मेधाजवळसुद्धा नाही — आणि मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी माझी साखर किती आली इथपासून कुठल्या कमिटीत कोण कुणावर खार खाऊन आहे इथपर्यंत सगळं सांगत आलोय. एवढं एक राहिलं. राहिलं कसलं, ठेवलं. सहा वर्षं.

तुम्ही विचाराल, मग आजच काय झालं? काही नाही झालं. मला कुणी पकडलेलं नाही, आणि पकडेल अशी शक्यताही नाही, कारण ज्या कागदावरून पकडायचं तो वाचता येणारा या भागात मीच एकटा आहे. शिवाय मी हे मराठीत लिहितोय. ज्यांना हे कळायला हवं त्यांच्यापैकी कुणालाही मराठी येत नाही. हे आपोआप झालं, असं म्हणायला मला आवडलं असतं — पण नको, तेवढं तरी नको.

कुठून सुरू करू? जर्मनपासून करतो, सगळं तिथूनच आलं.

मी पुण्याचा. आमच्या कॉलेजच्या दिवसांत पुण्यात दर दोन घरांआड कुणी ना कुणी जर्मन शिकत असे. का शिकत असे? शेजारचा शिकतो म्हणून. मीही शिकलो, आणि चक्क बरं शिकलो. पुढे त्याच जोरावर गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो, तिची मूळ कंपनी जर्मन, आणि तिने मला नोव्हायला पाठवलं. डेट्रॉइटच्या बाजूचं हे गाव. तेव्हा इथे आपली माणसं मोजकी होती, आता भाजीच्या दुकानात कोथिंबीर निवडताना मागे कुणीतरी मराठीत नवऱ्याला झापताना ऐकू येतं. एकतीस वर्षं झाली इथे. रिटायर होऊनही सात झाली.

दुसरी गोष्ट मोडीची. मला जुने कागद वाचायचा नाद आहे. आमच्या घराण्याचे कागद मोडीत होते म्हणून मी मोडी शिकलो. आणि ज्याला मोडी येते त्याला दीडशे वर्षांपूर्वीचं जर्मन हस्ताक्षर फार परकं वाटत नाही. तेही तसंच, लेखणी न उचलता सरसर लिहिलेलं, आणि तेही लिहिणाऱ्यांच्या पणतवंडांना आज वाचता येत नाही. मला येतं. याचा मला अभिमान होता. होता म्हणू? नाही, आहे. आता कुठे खोटं बोलत बसू.

तिसरी गोष्ट आमच्या कुलवृत्तान्ताची. तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल असा ग्रंथ — जाडजूड, लाल बांधणीचा, मूळ पुरुषापासून कालपरवा जन्मलेल्या बाळापर्यंत सगळ्या घराण्याची नावं असलेला. आमच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा परदेशस्थ शाखांचं काम माझ्याकडे होतं. इकडे अमेरिकेतच, पिस्कॅटवेला, माझी एक चुलत बहीण राहते, सुधाताई. तिचा पहिला संसार मोडला होता आणि तिने इथल्याच एका काळ्या शिक्षकाशी दुसरं लग्न केलं होतं. फॉर्म तिने छान, सुवाच्य अक्षरात भरून पाठवला — नवऱ्याचं नाव, दोन मुलांची नावं, सगळं. मग तिच्या थोरल्या भावाचा पुण्याहून फोन आला, "तेवढं जरा सांभाळून घे रे बाबा."

आता, आमच्या समितीचं एक ठरलेलं वाक्य होतं. जिथे काही सांगायचं नसेल तिथे छापायचं — माहिती उपलब्ध नाही. माहिती समोर टेबलावर पडलेली असायची. मी सुधाताईच्या नावापुढे तेच टाईप केलं. तिने आगाऊ नोंदवून तीन प्रती मागवल्या होत्या. त्यानंतर तिचा कधी फोन आला नाही. तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. नाही हो. तो अजून पुढे आहे. पण हात कसा बसत गेला ते कळावं म्हणून सांगितलं.

आता डोरोथीकाकू. आम्ही इथे आलो तेव्हा त्या दोन घरं सोडून राहायच्या. मेधाला गाडी त्यांनी शिकवली, जानेवारीत, चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये — बर्फावर गाडी घसरली तर काय करायचं तेसुद्धा. मी शिकवायला बसलो की आमची जुंपायची, म्हणून त्यांनीच मला हुसकून लावलं. आमच्या ग्रुपमध्ये हळूहळू त्या सगळ्यांच्याच काकू झाल्या. पार्किंगमध्ये कुणी "काकू" म्हणून हाक मारली की वळून बघायच्या. मला श्रीनिवास म्हणणं त्यांना कधी जमलं नाही, त्या "श्री" म्हणायच्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी गावच्या कचेरीत जन्म, मृत्यू आणि लग्नांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यामुळे लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास. ऐकीव गोष्टीवर नाही, भले ती स्वतःच्या घरातली का असेना.

काकूंच्या वडिलांकडची मंडळी ग्राउफेल्टची. नाव ऐकलं नसेल, ऐकायचं कारणही नाही. जर्मनीच्या मधोमध, थुरिंगियाच्या टेकड्यांत, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढं संस्थान. तेवढ्याचेही भावाभावांत तुकडे. देवासला कशी थोरली पाती आणि धाकटी पाती होती? तसंच. एक पाती निपुत्रिक संपली की तुकडा जोडायचा, पुढच्या पिढीत पुन्हा तोडायचा. घरातल्या प्रत्येक मुलाचं नाव लुडविग. एका वेळी जेवायला चार लुडविग बसायचे, म्हणून त्यांना आकडे दिलेले. मला या घराण्याचा इतका लळा लागला की कितव्या लुडविगने कुठली टेकडी कुणाला हुंड्यात दिली हे मी आजही न बघता सांगेन. मेधा म्हणते, स्वतःच्या मावसभावांचे वाढदिवस आठवत नाहीत आणि यांच्या मुंजी पाठ आहेत.

त्या घराण्यात एक नियम फार कडक होता — लग्न बरोबरीच्या घराण्यातच. राजकन्या, नाहीतर निदान सरदारकन्या. पण कुणी भलतीकडे प्रेमात पडलाच तर? त्यावरही तोड होती. डाव्या हाताचं लग्न. चर्चमध्ये, पाद्र्यासमोर, अगदी रीतसर, फक्त नवऱ्याने नवरीचा हात उजव्याऐवजी आपल्या डाव्या हातात घ्यायचा. मग ती धर्माने बायको, पण राणी नाही. मुलं औरस, पण गादीवर हक्क नाही. मी हे मेधाला समजावून सांगितलं तर म्हणते, "अय्या, आपल्याकडे बायकोला वामांगीच म्हणतात की! म्हणजे आपल्या सगळ्यांचंच डाव्या हाताचं."

काकूंची पणजी, अ‍ॅना रोस्ट, ही गढीवरच्या धोब्याची मुलगी. घरात चालत आलेली हकिकत अशी, की सातव्या लुडविगने तिच्याशी असं डाव्या हाताचं लग्न केलं. मुलगा झाला, योहान. मग लुडविगचा थोरला भाऊ अचानक वारला, गादी याच्याकडे आली, आणि गादीवरच्या माणसाला बरोबरीची बायको हवी. अ‍ॅनाला तान्ह्या पोरासकट बोटीत बसवून दिलं. ती इथे मिशिगनमध्ये आली, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर एका शेतकरी गावात. मरेपर्यंत ती एकच सांगत राहिली, माझं लग्न झालंय, पाद्र्यासमोर झालंय. कुणी विश्वास ठेवला नाही. "आल्या राणीसाहेब" म्हणायचे. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसवायचे. तिच्या नातवाने, म्हणजे काकूंच्या वडिलांनी, शाळेत यावरून मार खाल्ला.

अ‍ॅनाच्या थडग्यावर लाकडी क्रूस होता, तो कधीच कुजून गेला. काकूंना तिथे दगड बसवायचा होता. प्रश्न एवढाच, की दगडावर काय कोरायचं? नुसतं नाव, की "लुडविगची पत्नी"?

"मला राजघराणं नकोय, श्री," त्या म्हणाल्या. "ती खरं बोलत होती की खोटं, तेवढं मला शोधून दे. दगडावर मी खोटं कोरणार नाही."

एवढंच. हो किंवा नाही.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. आपलं जसं महाराष्ट्र मंडळ, तसं ग्राउफेल्टहून आलेल्यांच्या वंशजांचं इकडे एक मंडळ आहे. वर्षातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये जमतात, बटाट्याचं सॅलड खातात, आणि आपल्या मंडळासारखंच माइक कुणी जास्त वेळ धरला यावरून रुसतात. ज्यांचं राजघराण्याशी नातं कागदोपत्री सिद्ध झालंय त्यांच्या छातीवर निळी फीत. काकूंनी मला तिथे नेलं. मंडळाचे जुने कागद मी घडाघडा वाचून दाखवले आणि लोक हातात बशा घेऊन माझ्याभोवती जमले. वर्षभरात मी त्यांचा इतिहासकार झालो. हसू नका. चाळिशीपासून साठीपर्यंत ऑफिसात मीटिंगमध्ये माझं वाक्य मध्येच तोडलं जायचं. इथे सत्तर-ऐंशी गोरे लोक माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, मी पान उलटेपर्यंत.

एका वर्षी खुद्द प्रिन्स आला. राज्य कधीच गेलेलं, पहिल्या महायुद्धानंतर सगळीच गेली, पण घराणं आहे, आणि त्याचा आजचा कर्ता पुरुष अर्थातच लुडविग. विमा विकतो. फार सज्जन माणूस, हे मी मुद्दाम सांगतोय. तो म्हणाला, गढीच्या ज्या चार खोल्या आमच्याकडे उरल्यात त्यांत एक कपाट आहे, दरबारी चर्चच्या वह्यांचं. ते कुणी उघडलेलं नाही, कारण आमच्यापैकी कुणालाच ते अक्षर लागत नाही. तुम्ही याल का? मी येईन का! मेधाने मला नवा कोट घ्यायला लावला. काकूंनी निघताना माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तू बघशील ना?"

मी बघितलं.

तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला. लग्नांची वही, चामड्याच्या पाठीची, कोपऱ्यावर ओल आलेली. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून एकेक पान उलटत चाललो होतो. डाव्या पानावर, खालून दुसरी नोंद. वर, लुडविग, या नावाचा सातवा. वधू, अ‍ॅना मार्गारेटे रोस्ट, गढीच्या धोब्याची कन्या, वय एकोणीस. "डाव्या हाताने विवाहबद्ध." दरबारी पाद्र्याची सही. दोन साक्षीदार, एक जंगलाचा रखवालदार आणि एक तबेल्याचा मुकादम. मी तीनदा वाचलं. शंकेला जागा नव्हती, अक्षर मोत्यासारखं होतं.

ती खरं बोलत होती.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. खरंच झाला, डोळ्यांत पाणी आलं. काकूंना तिथूनच फोन लावावा असं वाटलं. इकडे मिशिगनमध्ये पहाट असेल म्हणून थांबलो. तेव्हा थांबलो नसतो तर? पण असं म्हणत बसण्यात अर्थ नाही. थांबलो, आणि पुढची पानं उलटली.

सहा पानांनंतर लुडविग सातवा पुन्हा. या वेळी उजव्या हाताने. वधू कुठल्याशा काउंटची मुलगी. मधल्या सहा पानांत काडीमोडाची नोंद नाही, लग्न रद्द झाल्याची नाही, समासातही काही नाही. आणि वराच्या नावाखाली त्याच पाद्र्याने, त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं — अविवाहित. त्या पाद्र्याचा मला राग आला नाही. मला तो ओळखीचाच वाटला. समितीतला माणूस.

याचा अर्थ कळतोय ना? आजचा प्रिन्स त्या काउंटकन्येच्या वंशातला. अ‍ॅना जिवंत होती, अमेरिकेत शेतावर राबत होती, आणि ती लग्नाची बायको होती. मग त्या दुसऱ्या लग्नाला काय म्हणायचं? आणि त्यातून झालेल्या मुलांना? ज्या शब्दाने गावाने दीडशे वर्षं काकूंच्या घराला हिणवलं, तो 'अनौरस' हा शब्द त्या एका पानाच्या हिशेबाने निळ्या फितीवाल्यांना लागत होता. बाहेरून माळ्याच्या यंत्राचा आवाज येत होता. साडेबाराला जेवण होतं.

प्रिन्सला सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता? मी पुष्कळदा विचार केलाय. बहुधा हसला असता. म्हणाला असता, वा, म्हणजे मी कोणीच नाही तर! आणि वाईन ओतली असती. कसं का असेना, मी त्याला विचारलं नाही. त्याने मला कसली धमकी दिली नव्हती, कसली लालूच दाखवली नव्हती. त्याला त्या वहीत काय आहे हेच ठाऊक नव्हतं. मी फोनवर दोन्ही पानांचे फोटो काढले, वही मिटली, कपाटात ठेवली आणि हात धुवून जेवायला गेलो.

टेबलाभोवती आठ-दहा पाहुणे होते. प्रिन्सने उठून माझी ओळख करून दिली. म्हणाला, "हे आमचे इतिहासकार." आमचे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहून ग्लास उचलले. एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, तुमच्या देशातही अशी घराणी आहेत का? मी म्हणालो, आहेत तर. आणि मला फार बरं वाटलं. या 'बरं वाटण्या'साठीच मी ते केलं. दुसरं कारण मी सहा वर्षांत शोधलेलं नाही असं नाही, पण सापडलेलं नाही.

दुपारी मी कपाटाची यादी पुरी केली. लग्नांच्या वहीपुढे लिहिलं, ओलीमुळे काही नोंदी वाचण्याच्या पलीकडे. आणि काकूंसाठी जो कागद तयार केला त्यावर अ‍ॅना रोस्टच्या विवाहापुढे काय लिहिलं, ते तुम्ही ओळखलंच असेल. इंग्रजीत लिहिलं, पण वाक्य आमच्या समितीचंच. हाताला विचार करावा लागला नाही.

परत आल्यावर काकूंच्या स्वयंपाकघरात बसून त्यांना कागद दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मी म्हणालो, "म्हणजे झालंच नाही असं नाही, काकू. नोंद मिळत नाही एवढंच."

"नोंद नाही म्हणजे झालं नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं लोकांना मी हेच सांगत आले, श्री. आता स्वतःच्या पणजीसाठी वेगळा नियम कसा करू?" आणि त्यांनी कागदाची नीट घडी घालून फ्रिजवरच्या टोपलीत ठेवली. मला कॉफी दिली. मी ती प्यायलो.

दगडावरचा मजकूर मीच लिहून दिला. अ‍ॅना मार्गारेटे रोस्ट, योहानची आई. बस. दगड बसवला त्या दिवशी काकूंना मीच ड्राइव्ह करून घेऊन गेलो, त्यांना तेव्हा एकट्याने लांबचं जमत नव्हतं. त्या बराच वेळ उभ्या होत्या. मी म्हणालो, छान झालंय. आणि दगड होताही छान, राखाडी, साधा. पत्नी हा शब्द बसेल एवढी जागा त्याच्यावर होती.

मग? मग काही नाही. हेच तर विचित्र आहे. मला वाटलं होतं झोप उडेल, जेवण जाणार नाही. तसं काही झालं नाही. मी व्यवस्थित जेवलो. मंडळाचा ग्रंथ निघाला, त्यात सगळ्यांत लांब प्रकरण माझं, सातव्या लुडविगवर दोन पानं, आणि त्यात अ‍ॅना एका ओळीत — गढीवरील एक सेविका. मला मानाची म्हणून निळी फीत मिळाली, नातं नसताना. मेधाने ती दिवाणखान्यात लावली. प्रिन्सचं नाताळचं कार्ड दरवर्षी येतं. फोटो अजून फोनमध्ये आहेत. फोन दोनदा बदलला, दोन्ही वेळा ते नव्या फोनमध्ये आले, मी पुसले नाहीत. का नाही पुसले? कधीतरी सांगेन म्हणून? तसं असतं तर सांगितलं असतं की. काकू दोन घरं सोडून होत्या.

काकू गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत गेल्या. त्यांची मुलगी लिंडा इथून वीस मिनिटांवर राहते. तिचा नंबर माझ्याकडे आहे. मागच्याच आठवड्यात तिचा मेसेज होता, मेधाने दिलेल्या लोणच्याची बरणी परत करायची आहे म्हणून. मी उत्तर पाठवलं, घाई नाही. याच्यापुढे आणखी चार ओळी लिहायच्या होत्या. लिहिल्या नाहीत. लिहीन का, हेही मला सांगता येत नाही, म्हणून ते सोडून देतो.

एक दुपार सांगायची राहिलीय. मी ती मुद्दाम मागे ठेवली. इथपर्यंतचं सगळं सांगून मला थांबता आलं असतं — भ्याडपणा म्हणून खपलं असतं, माणूस मोठ्या लोकांपुढे विरघळला, होतं असं. पण त्या दुपारी समोर कुणी मोठं नव्हतं.

काकू हॉस्पिसमध्ये होत्या. जायच्या आधी चार-पाच दिवस. लिंडा जेवायला खाली गेली होती, मी खुर्चीवर बसलो होतो. त्यांचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. मला म्हणाल्या, "श्री, त्या कपाटात एखादं पान तुझ्या नजरेतून सुटलं असेल का रे?"

बघा. संशय नव्हता, आरोप नव्हता. उलट मला दार उघडून दिलं होतं. मी म्हणू शकलो असतो, हो काकू, सुटलं होतं, आत्ताच कळलं. तेसुद्धा खोटंच झालं असतं, पण त्यांना खरं मिळालं असतं. फोन माझ्या खिशात होता. त्यात ते पान होतं. काय गमावणार होतो मी? ना प्रिन्स तिथे, ना मंडळ. फक्त काकूंनी माझ्याकडे बघितलं असतं — त्यांना कळलं असतं की याने पाच वर्षांपूर्वीच वाचलं होतं. त्यांना, म्हणजे ज्यांनी माझ्या बायकोला बर्फावर गाडी सावरायला शिकवलं त्यांना. तेवढी एक नजर मला नको होती. त्या चार-पाच दिवसांत जाणार होत्या, आणि त्या चार-पाच दिवसांपुरतंसुद्धा मला त्यांच्या मनातून उतरायचं नव्हतं.

मी म्हणालो, "नाही काकू. मी सगळी पानं पाहिली." आणि हे खरं होतं. सगळी पाहिली होती.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मला तिचा फार राग यायचा. दगड बसवल्यापासून जास्तच. वाटायचं, बाई, तुझ्या एका थापेपायी माझ्या वडिलांनी मार खाल्ला. शेवटी तरी खरं सांगून टाकलं असतंस तर? पण आता नाही येत राग. विशीतली पोर, कडेवर मूल, परका देश. मीही खोटंच बोलले असते. मी तिला माफ केलं, श्री. बिचारी."

काकूंनी माझा हात धरलेला होता. मी तो तसाच राहू दिला, आणि म्हणालो, "हो ना. बिचारी."